व्यवसाय : घरकाम, उत्पन्न : निरंक

अपघाताची बातमी वर्तमानपत्रात चार ओळींची असते. मोटारीच्या धडकेने अमुक गावची महिला जखमी झाली, चालकाविरुद्ध गुन्हा नोंदविण्यात आला, पुढील तपास हवालदार अमुक करीत आहेत. संपली बातमी. वाचणारा पान उलटतो. पण ज्या घरातले माणूस जखमी झालेले असते, त्या घरात खरी हकिगत पाचव्या ओळीपासून सुरू होते आणि ती तीन तीन वर्षे चालते. आमच्या घरी ती चालली. त्या काळात कायद्याविषयी जे थोडेफार समजले आणि घराविषयी जे त्याहून अधिक समजले, ते आपल्या मित्रमैत्रिणींपुढे ठेवावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

२०२२ च्या ऑक्टोबरात, दिवाळीपूर्वीच्या आठवडे बाजारातून आई पायी घरी येत होती. मागून आलेल्या मोटारीने तिला उडवले. उजवा हात दोन ठिकाणी मोडला. एकदा कोपराच्या वर आणि एकदा मनगटाशी. बघ्यांची गर्दी जमली, पण हात लावायला कोणी धजेना. शेवटी एका टेम्पोवाल्याने भाजीची पोती बाजूला सारून तिला आत निजविले आणि रुग्णालयात आणले. 'नंतर पोलिसांचे लचांड मागे लागेल,' असे त्याला चारजणांनी सांगून पाहिले होते म्हणे. वास्तविक २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले आहे. सद्‌भावनेने जखमीला मदत करणाऱ्याला त्या मदतीबद्दल दिवाणी वा फौजदारी कारवाईची भीती नाही; आपले नावगाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. टेम्पोवाल्याला हे कलम ठाऊक नव्हते. त्याने नुसती माणुसकी केली. पण ज्यांना पाऊल पुढे टाकावेसे वाटत असूनही भीती वाटते, त्यांच्यासाठी हे कलम माहीत असलेले बरे.

रुग्णालयात कागद भरणे सुरू झाले. नाव, वय, पत्ता. मग 'व्यवसाय'. लिहिणाऱ्याने मान वर न करता 'घरकाम' लिहिले. त्याच्या पुढचा रकाना 'मासिक उत्पन्न'. तेथे त्याने लिहिले, 'निरंक'. कोणालाही काही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी पोलिसांच्या जबाबातही तेच दोन शब्द आले. अण्णा, म्हणजे माझे वडील, शेजारीच उभे होते. त्यांना त्यात काही वावगे वाटले नाही. आईला तर मुळीच नाही. ती कण्हत कण्हत एवढेच विचारत होती, "आजीला जेवायला कोणी वाढलं का?"

पुढे आम्हाला एक वकीलबाई मिळाल्या, त्या विधी सेवा प्राधिकरणामार्फत. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रीला तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. ही गोष्ट आमच्या गल्लीत कोणालाच माहीत नव्हती. त्यांनी पहिल्याच भेटीत अण्णांच्या मनातला एक गोंधळ दूर केला. अण्णांना वाटत होते, चालकाला शिक्षा झाली तरच भरपाई मिळणार. बाई म्हणाल्या, "अण्णा, हे दोन वेगळे रस्ते आहेत. फौजदारी खटला सरकार चालवते. तेथे गुन्हा निःसंशय शाबीत व्हावा लागतो. भरपाईचा दावा आपण मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे करायचा. तेथे हयगय कोणाची असण्याचा अधिक संभव आहे, एवढे पुराव्यावरून दिसले तरी पुरते." चालक उद्या फौजदारीतून सुटला, तरी केवळ तेवढ्याने दावा बुडत नाही. शिवाय रस्त्यावर फिरणाऱ्या प्रत्येक वाहनाला तिसऱ्या पक्षाचा विमा सक्तीचा आहे, आणि 'तिसरा पक्ष' म्हणजेच रस्त्याने चालणारी आमची आई.

दावा कोठे करायचा, हाही प्रश्नच होता. अपघात जेथे घडला तेथे, जखमी जेथे राहतो तेथे, किंवा प्रतिवादी जेथे राहतो तेथे, यांपैकी कोठेही तो करता येतो. कधी करायचा, हे मात्र घड्याळ लावून बघण्यासारखे आहे. १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत आली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, आणि केवळ मुदत टळली म्हणून अर्ज फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेशही त्या न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. तरी शहाण्याने सहा महिन्यांच्या आतच अर्ज करावा. त्याच तारखेपासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. तो गेला की नाही, हे चौकीत जाऊन विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. आणि ठोकर देणारे वाहन पळून गेले, सापडलेच नाही, तर? तरीही हात हलवीत परत यायचे कारण नाही. अशा प्रसंगी मृत्यू झाल्यास दोन लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास पन्नास हजार रुपये देण्याची वेगळी योजना आहे.

हे सगळे ऐकताना मला वाटले, आता काय, हिशेबच तर आहे! बिले जोडायची, बेरीज करायची. पण हिशेबाला बसलो, तेव्हा तो 'निरंक' पुन्हा समोर आला.

जखमी माणसाची भरपाई अनेक रकान्यांत मोजतात. औषधोपचाराचा खर्च, अंथरुणावर असताना बुडालेली कमाई, कायमचे पंगुत्व राहिले तर पुढे बुडणारी कमाई, देखभालीसाठी लागलेल्या माणसाचा खर्च, सोसलेल्या वेदना, गमावलेले सुख. यांतला सर्वांत मोठा आकडा असतो पुढच्या कमाईचा. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या एका निकालात याविषयी फार नेमके सांगितले आहे. डॉक्टर पंगुत्वाची जी टक्केवारी लिहून देतात, तितकेच टक्के कमाई बुडाली असे धरायचे नाही. त्या माणसाचे काम कोणते, हे आधी बघायचे. डावा हात तुटला तर सरकारी कारकुनाची नोकरी कदाचित टिकेल. पण ड्रायव्हर किंवा सुतार असेल, तर त्याची जवळजवळ सगळीच कमाई गेली.

अण्णा सुतारकाम करतात. वकीलबाईंनी सुताराचे हे उदाहरण सांगितले, तेव्हा अण्णा आपल्या हातांकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "आणि भाकरी थापणारीचा उजवा हात गेला, तर?"

बाईंनी टेबलावर बोट आपटले. "हाच आपला दावा," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "तू शिकतोस ना? मग एक काम कर. अपघाताच्या आधी तुझी आई पहाटेपासून रात्रीपर्यंत काय काय करीत होती, ते वेळेसकट लिहून आण. सुंदर लिहू नकोस. खरे लिही."

रात्री मी वही घेऊन आईजवळ बसलो. ती म्हणाली, "त्यात काय लिहायचं? सगळ्याच बाया करतात." पंधरा मिनिटांत तिची यादी संपली. पण भांडी घासत असलेली धाकटी मोरीतून ओरडली, "आणि पाणी?" मग एकेक निघू लागले. पहाटे पाचला नळ येतो आणि पाऊण तासात जातो. तेवढ्यात आठ हंडे, दोन पिंपे. दोन्ही वेळच्या मिळून अठरा भाकऱ्या. आजीची आंघोळ, तिची दोन वेळची औषधे, रात्री एकदा तिला उठवून नेणे. सहाजणांचे धुणे. दळण, निवडण, रेशनची रांग. दुपारी अण्णांच्या कारखान्यातला भुसा भरून ठेवणे आणि पॉलिशच्या आधी फळ्यांना पॉलिशपेपर मारणे. हे शेवटचे ऐकून अण्णा चमकले. या कामाला गडी ठेवला, तर त्याला रोज मोजावा लागतो. आणि वीस वर्षे ते काम होत होते, पण त्याचा रोज कोणत्याच वहीत नव्हता. आई जे विसरत होती, ते सर्व धाकटी सांगत होती. तिला ते तोंडपाठ असण्याचे कारण उघड होते. अपघातापासून ती सगळी कामे तिच्याकडे आली होती.

यादी साडेपाच पानांची झाली. तिचेच पुढे शपथपत्र झाले.

याच सुमारास आमच्या वर्गात राष्ट्रीय उत्पन्नाचा भाग चालू होता. सरांनी प्रा. पिगू यांचे ते प्रसिद्ध कोडे सांगितले. एखाद्या गृहस्थाने आपल्या पगारी स्वयंपाकिणीशी लग्न केले, की राष्ट्रीय उत्पन्न घटते. स्वयंपाक तोच, हात तेच, फक्त पगार थांबला. वर्ग हसला. १९२० च्या 'द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर' या पिगूंच्या ग्रंथातली ही गोष्ट शंभर वर्षे वर्गावर्गांतून सांगितली जाते आणि शंभर वर्षे वर्ग हसतो. मीही एरवी हसलो असतो. पण माझ्या दप्तरात ती साडेपाच पाने होती.

कायद्याचीही अवस्था फार निराळी नव्हती. मात्र त्याने हळूहळू का होईना, शिकून घेतलेले दिसते. १९९४ मध्ये मोटार वाहन कायद्याला जी दुसरी अनुसूची जोडली, तिच्यात न कमावत्या पत्नीचे उत्पन्न कमावत्या पतीच्या एकतृतीयांश धरावे, असे होते. म्हणजे काम तेच, पण नवरा साहेब असेल तर बायकोच्या भाकरीला जास्त दर आणि सुतार असेल तर कमी! २०२२ पासून ती अनुसूची कायद्यातून गेली. २००१ मध्ये जमशेदपूरच्या एका भीषण आगीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३४ ते ५९ वर्षे वयाच्या गृहिणींच्या कामाचे मोल महिना तीन हजार रुपये धरले. २०१० मध्ये न्यायमूर्ती गांगुली यांनी एका निकालात सरळ खेद व्यक्त केला, की आपली जनगणना गृहिणींना भिकारी आणि कैदी यांच्या ओळीत, अनुत्पादक म्हणून बसविते. आपल्याकडे अमरावती जिल्ह्यातल्या एका प्रकरणात तर 'मृत स्त्री गृहिणी होती, तिचे उत्पन्न नव्हते' म्हणून न्यायाधिकरणाने दावाच फेटाळला होता. २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निर्णय फिरवून कुटुंबाला भरपाई दिली.

५ जानेवारी २०२१ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मी ग्रंथालयात बसून वाचला. न्यायमूर्ती रमणा यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात २०१९ च्या सरकारी पाहणीतले आकडे दिले आहेत. घरातल्या बिनपगारी कामांत स्त्री दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवते आणि पुरुष ९७ मिनिटे. गृहिणीचे उत्पन्न मोजताना भावी वाढही धरावी, असे त्या निकालाने स्पष्ट केले. आणि २०२४ च्या फेब्रुवारीत, उत्तराखंडातल्या एका जुन्या अपघाताच्या प्रकरणात, गृहिणीचे उत्पन्न रोजंदारीवरच्या मजुरापेक्षा कमी कसे धरता येईल, असा प्रश्न त्याच न्यायालयाने विचारला.

पण निकाल दिल्लीत लागतात आणि दावे तालुक्याला चालतात. २०२४ मध्ये आमचे प्रकरण लोकअदालतीत ठेवले गेले. विमा कंपनीच्या वकिलांनी आकडा सांगितला, एक लाख पंच्याहत्तर हजार. त्यात बिले होती एक लाख बारा हजारांची. उरलेले त्रेसष्ट हजार म्हणजे हात. पुढच्या कमाईच्या रकान्यात अर्थातच काही नव्हते. अण्णांवर उसनवारी होती. ते सही करायला तयार होते आणि त्यांना दोष कोण देणार? वकीलबाईंनी फक्त एवढे समजावून दिले, की लोकअदालतीतला निवाडा अंतिम असतो. त्यावर अपील नाही. सही करायची असेल तर ओझ्याखाली नव्हे, समजून करा.

आई तोवर बाकावर गप्प बसली होती. ती म्हणाली, "आणि हिची शाळा?" एवढेच. 'ही' म्हणजे धाकटी.

येथे धाकटीविषयी सांगायलाच हवे. अपघात झाला त्या वर्षी ती दहावीत होती. पहाटेचे पाणी, आजी, भाकऱ्या, हे सारे करून तिने परीक्षा दिली. गुण घसरले, पण पास झाली. अकरावीला मात्र २०२३ मध्ये तिचे नाव घातलेच नाही. "आईचा हात सुधारू दे, मग बघू," असे घरात ठरले. कोणी ठरवले, ते सांगता येणार नाही. अशा गोष्टी घरात ठरतात, कोणी ठरवीत नाही. माझे महाविद्यालय त्या वर्षी एक दिवसही बुडले नाही. आईचा हात मोडला म्हणून घरातले काम कमी झाले नव्हते. ते जसेच्या तसे उचलून एका पंधरा वर्षांच्या मुलीच्या अंगावर ठेवले गेले होते. कागदावरच्या 'निरंक'चा अर्थ मला तेव्हा उमगला. जे काम फुकट होते असे सर्वांना वाटत होते, त्याची किंमत आता कोणीतरी खरोखर भरीत होते. आणि भरणारी पुन्हा घरातली बाईमाणूसच होती.

आम्ही सही केली नाही. पुढे उलटतपासणीच्या दिवशी समोरच्या वकिलांनी आईला विचारले, "अपघातापूर्वी तुम्ही कोठे नोकरीला नव्हता ना?"

"नव्हते, साहेब."

"म्हणजे तुमचे काही उत्पन्न बुडाले नाही."

आई थोडा वेळ थांबली. मग म्हणाली, "साहेब, मी काम बंद केल्यावर पोरीची शाळा बंद पडली. आता बुडालं ते कुणाचं, ते तुम्हीच लिहा."

न्यायाधीशांनी ते वाक्य नोंदवून घ्यायला सांगितले. पुढे वकिलांनी फार विचारले नाही.

जून २०२५ मध्ये निकाल आला. न्यायाधिकरणाने आईच्या कामाचे मोल महिना आठ हजार धरले. तिचे वय अपघाताच्या वेळी ४३. चाळीस ते पन्नास या वयाला भावी वाढ पंचवीस टक्के, म्हणजे दहा हजार. वर्षाचे एक लाख वीस हजार. ४१ ते ४५ या वयाला सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलेला गुणक १४. आकडा झाला सोळा लाख ऐंशी हजार. डॉक्टरांच्या दाखल्यावर पंगुत्व होते २२ टक्के. पण उजव्या हाताने करायची तिची कामे पाहून न्यायाधिकरणाने काम करण्याची शक्ती ३० टक्के गेली असे धरले. त्याचे झाले पाच लाख चार हजार. बिलांचे एक लाख बारा हजार, देखभालीचे चोवीस हजार, वेदना व इतर गोष्टींचे ऐंशी हजार. एकूण सात लाख वीस हजार, आणि अर्ज केल्या तारखेपासूनचे व्याज. रकमेचा मोठा भाग आईच्या नावे बँकेत मुदत ठेवीत ठेवण्याचा हुकूम झाला. तिच्या नावाचे ते पहिले खाते नव्हे. पण तिने मिळवलेले पैसे जमा झालेले ते पहिले खाते.

मनगट मात्र आता वळत नाही. थंडीत दुखते. भाकरी ती आता लाटण्याने लाटते आणि 'तशी चव नाही' म्हणते. न्यायाधिकरणाने आमच्यावर अन्याय केला, असे मी म्हणणार नाही. ज्यांना काहीच मिळत नाही, अशी माणसे आम्ही त्या बाकांवर तीन वर्षे शेजारी पाहिली. तरीही निकालपत्राच्या चौदा पानांत धाकटीच्या त्या वर्षाला रकाना नाही. 'देखभालीचा खर्च' या नावाने चोवीस हजार धरले, त्यात ती कोठेतरी आहे, इतकेच. कायद्याने आईच्या कामाला आकडा दिला. ते काम तिच्या हातून सुटल्यावर ज्या लहान हातांनी झेलले, त्यांना अजून द्यायचा आहे.

मित्रहो, आपल्यापैकी पुष्कळजण रोज दुचाकीवरून किंवा एस.टी.ने येतात. प्रसंग कोणावर येऊ नये. पण आलाच तर फिर्यादीची प्रत मागून घ्या, प्रत्येक बिल जपा, पंगुत्वाचा दाखला वेळेवर काढा, विधी सेवा प्राधिकरणाचे दार ठोठवा. समजल्याशिवाय सही करू नका. आणि जखमी माणूस तुमची आई, आजी किंवा बहीण असेल, तर त्या 'उत्पन्ना'च्या रकान्यापाशी लिहिणाऱ्याचा हात धरा. ती काय काय करते, ते सांगा. सांगता येत नसेल, तर तिच्याजवळ वही घेऊन बसा.

धाकटी २०२४ मध्ये अकरावीला गेली. यंदा ती बारावीला आहे. पहाटे पाचचे पाणी आता मी आणि अण्णा आळीपाळीने भरतो. पाऊण तासात आठ हंडे होत नाहीत, सहाच होतात. आई उंबऱ्यात उभी राहून, नळ बारीक झाला की पिंपाखालचे भांडे कसे सरकवायचे, ते सांगत असते.